शेवग्याचा पाला आणि उपासाचं तूप

मी तूप खात नाही. हे कळलं की लोक लगेच डॉक्टरांची चौकशी करतात. डॉक्टरांचा काही संबंध नाही. उमेदीची सगळी वर्षं तुपाच्या कढईशेजारी काढलेल्या माणसाला वरणभातावर तुपाची धार दिसली की त्याची भूकच मरते, इतकंच. आमची ही अजूनही सवयीने वाटी पुढे करते, मी ती बाजूला सारतो, आणि ती म्हणते, "जगाला खाऊ घातलंत आणि स्वतः कोरडे राहिलात." राहिलो खरा.

या अंकाच्या संपादकांनी मला धंद्यातल्या गमती लिहायला सांगितलंय. त्यांचा उत्साह बघून नाही म्हणवेना. पण गमती आठवायला बसलो की भलतंच काहीतरी वर येतं. ते येईल तसं लिहितो. कुणाला गंमत सापडली तर त्याने ती खुशाल घ्यावी.

कल्याणला पारनाक्याच्या मागे अण्णांचा तुपाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, चार चुली आणि पुढे विक्रीचा ओटा. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास मी तिथे चिकटलो. इंटर सायन्सला आपटलो होतो, डोंबिवलीत दोन खोल्यांत आम्ही सातजण, तेव्हा निवड करायची ऐपत नव्हती. अण्णांनी मला विचारलं, "रसायनशास्त्र येतं का?" मी म्हटलं, "नापास होण्याइतकं येतं." अण्णा हसले आणि म्हणाले, "मग बस. पास झालेले माझ्याकडे टिकत नाहीत."

तूप करणं म्हणजे लोणी तापवणं, असा बाहेरच्यांचा समज असतो. असू दे. आमच्याकडे लोणी यायचं खडवली, टिटवाळा, मुरबाडकडच्या गावांतून. घरोघरचं, त्यामुळे चार मडकी उघडली की चार तऱ्हा. नाक खुपसून एकेक मडकं पास-नापास करायचं, हे माझं सकाळचं काम. खडवलीकडच्या काही बायका मडक्याच्या तोंडाला हळदीचं पान बांधून पाठवायच्या. नुसतं फडकं बांधलेल्या लोण्याला दोन-तीन दिवसांत बुरशीचा वास सुटायचा, हळदीच्या पानाखालचं तेवढ्याच दिवसांत गोडं राहायचं. पानात जंतू मारायचा गुण असतो. पुढे मी सगळ्यांनाच पान बांधायला लावलं.

ही झाली लोण्याची गोष्ट. तुपाचं दुखणं वेगळं. तुपात पाणी उरत नाही, म्हणून जंतूंचं तिथे फारसं चालत नाही. तूप खवट होतं ते हवेने. हवा तुपाला हळूहळू खात असते, आणि पावसाळ्यात तर डबा उघडला की ती खायलाच बसते. यावर घराघरांतला उपाय ठरलेला. लोणी कढलं, त्याचा गलका थांबला, बेरी तांबूस झाली, की विड्याचं एक पान टाकायचं आणि भांडं उतरवायचं. त्या पानाचं काम मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा समजावून सांगितलंय की अण्णा माझी नक्कल करायचे. मी म्हणायचो, "पानात एक असा अंश असतो की तो स्वतः पुढे होतो. हवा तुपाला मारायला येते, तेव्हा तो मार पान खातं. पानाचा जोर आहे तोवर तूप शाबूत."

घरच्या पातेलीला एक पान पुरतं. आमच्या कढईला टोपल्या लागत. ही पानं वसईकडून यायची, आणि नेमकी तूप टिकवायची निकड असायची तेव्हा, म्हणजे भर पावसात, ओल्या टोपल्यांत कुजून यायची. अण्णा कपाळावर हात मारत. शेवटी एकदा म्हणाले, "दत्तू, झाडांना काय एकच पान आहे? दुसरं शोध."

मग मी शोधलं. शेडच्या पत्र्यावर उन्हात बाटल्या मांडल्या. एकीत साधं तूप, बाकीच्यांत कढीलिंब, कडुनिंब, पेरू, तुळस, शेवगा, असल्या पाल्याचा काढा घालून कढवलेलं तूप. रोज सकाळी वर चढायचं आणि बाटल्या हुंगायच्या. खाली लोणी, वर तूप! संध्याकाळी घरी गेलो की बायकोने डोक्याला लावलेल्या तेलाचा वाससुद्धा कळायचा नाही. कडुनिंबाचं तूप टिकलं खरं, पण ते जिभेला लावल्यावर अण्णा म्हणाले, "हे अमर आहे. कुणी खाणारच नाही, संपेल कशाला?" कढीलिंबाच्या तुपाला कढीचा वास यायचा. जिंकला तो शेवगा. पाला सावलीत वाळवायचा, पाण्यात उकळून गाळायचा आणि तो काढा कढईतल्या लोण्यातच ओतायचा. पाणी उडून जातं, गुण तुपात उतरतो. साध्या तुपाची बाटली खवट झाली, त्यानंतरही कितीतरी दिवस शेवग्याची बाटली ताज्यासारखी होती. मी पत्र्यावरून खाली उतरलो तो नाचायचा बाकी होतो.

नाच फार टिकला नाही. कल्याणातल्या परसांतले शेवगे आम्ही ओरबाडून ओरबाडून बोडके केले आणि त्या वर्षी गावात कुणाला धड शेंग मिळाली नाही. आळीतल्या बायका ओट्यावर येऊन भांडून गेल्या. तेव्हा बाळकुमच्या हिरूबाईने पाला पुरवायचं अंगावर घेतलं. हिरूबाईचा नवरा मिठागरावर होता, आणि ती स्वतः ठाण्यात दारोदार भाजी विकायची. तिकडची झाडं तिने बांधून घेतली. पोती उतरवता उतरवता ती माझ्यावर तोंड सोडायची. "काय रं दादा, झाडाच्या अंगावर पान ठेवशील का नाय? तुझ्या तुपापायी आमची आमटी बिनशेंगाची झाली!" तिला चहा दिला की ती थंड व्हायची.

तूप नावाला चढलं. वनस्पती तुपाने बाजार खाल्ला होता, त्यात आमचं शुद्ध तूप पावसाळाभर टिकतं म्हणून लोक ठाण्याहून येऊ लागले, मोहने गावातल्या कारखान्याच्या वसाहतीतून येऊ लागले. आणि मग एका एकादशीला आमच्या डोंबिवलीचे एक निवृत्त गुरुजी कागदाची पुडी घेऊन ओट्यावर चढले. त्यांनी पुडी उघडली. आत तुपातून काढलेलं एवढंसं पान. आमचं गाळायचं फडकं फाटलं होतं, दुसरं काय!

"हे काय आहे?" गुरुजींनी विचारलं.

"पान," अण्णा म्हणाले.

"कशाचं?"

"औषधी आहे, गुरुजी."

"शेवगा आहे हा! भाजी आहे ही, भाजी! अहो, तुमच्या तुपात मी आज वरीचे तांदूळ परतून खाल्ले. माझी एकादशी तुम्ही भाजीत बुडवलीत!"

ज्यांनी कधी उपास केला नसेल त्यांना सांगतो. उपासाला काय चालतं आणि काय नाही, याला तर्क नसतो. बटाटा चालतो, वांगं चालत नाही. शेंगदाणा चालतो, हरभरा चालत नाही. शेवग्याचा पाला ही पालेभाजी, तेव्हा तो चालत नाही, आणि त्याच्या काढ्यात कढलेलं तूपही चालत नाही. हे आम्हा दोघांना, जन्मभर एकादश्या पाळणाऱ्या घरांतल्या माणसांना, सुचलंच नव्हतं. आम्ही वास बघितला, रंग बघितला, टिकाऊपणा बघितला. पंचांग बघायचं राहिलं.

"आणि विड्याचं पान?" मी भीत भीत विचारलं.

गुरुजींनी बराच विचार केला. "ते देवापुढे असतं," ते म्हणाले, "ते चालेल."

तेव्हापासून एक कढई उपासाची म्हणून वेगळी झाली. तिला शेवगा शिवायचा नाही. तिचं फडकं वेगळं, पळी वेगळी. तिच्यातलं तूप ज्या डब्यात भरलं जाई, त्याच्या कडीला लाल दोरा बांधायचा. दोरा बांधायचं काम मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. लोक हसत, "दत्तोपंतांची सोवळी कढई" म्हणत. म्हणू देत. एका पावसात वसईची पानं आलीच नाहीत. अण्णा वैतागून म्हणाले, "अरे, घाल शेवगा! कोण बघायला येतंय?" मी ऐकलं नाही. कढई उपडी घातली आणि पानं येईपर्यंत ती उपडीच ठेवली. गिऱ्हाइकं परत गेली. अण्णा माझ्याशी बोलेनात. त्या कढईचा मला अभिमान होता, हे आजही सांगतो. आयुष्यात दुसरं मिरवण्यासारखं फारसं काही हाताला लागलं नाही.

त्याच सुमारास ठाण्याच्या यशोदाबाई येऊ लागल्या. नवरा गेलेला, एकुलती एक मुलगी, कुमुद. ती छातीच्या आजाराने इस्पितळात पडलेली. त्या काळी हा आजार म्हटलं की घरात लोक हळू आवाजात बोलायचे. बाईंनी मुलगी बरी होऊन घरी येईपर्यंत सोमवार धरले होते. नुसते नव्हेत, कडक. दिवसभर पाणी, आणि संध्याकाळी तुपावर परतलेलं थोडं काहीतरी उपासाचं. जवळच्या दुकानातल्या तुपावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून डबा घ्यायला स्वतः कल्याणला यायच्या.

"उपासाचंच ना हो?" दर खेपेला हा प्रश्न.

"दोरा बघा, बाई."

"दोरा दिसतोय. तुम्ही तोंडाने सांगा."

"उपासाचंच."

मग त्या डबा पदराखाली घ्यायच्या. जाता जाता कुमुदची खबर सांगायच्या. ताप उतरलाय. वजन थोडं वाढलंय. डॉक्टर हसून बोलले. मी घरी जाऊन हे आमच्या हिला सांगायचो, तीही वाट बघायची. यशोदाबाईंसाठी मी कढईतलं वरचं, नितळ तूप बाजूला काढून ठेवायचो. अण्णा बघायचे आणि बोलायचे नाहीत. हळूहळू असं झालं की कढईत पान टाकताना मला त्या पोरीची आठवण यायची. कधी पाहिलीसुद्धा नव्हती तिला.

मग बरेच दिवस बाई आल्या नाहीत. मला वाटलं, मुलगी घरी आली, सोमवार सुटले. मी अण्णांना म्हटलंसुद्धा, "पेढे द्यायला तरी यायला हवं होतं." अण्णा म्हणाले, "पोर घरी आल्यावर कोण कल्याणला येतं तुझं तोंड बघायला?"

त्या आल्या दिवाळी उलटून गेल्यावर. भर दुपारी, ओट्यावर गिऱ्हाईक नव्हतं. हातात आमचाच रिकामा डबा, घासून लख्ख केलेला. कडीला लाल दोरा तसाच. चेहरा बघितला आणि मला विचारायची गरज उरली नाही. अण्णांनी उठून बसायला पाट दिला. त्या बसल्या नाहीत.

"कुमुद गेली," त्या म्हणाल्या.

अण्णांनी पाट पुन्हा पुढे सरकवला.

"एक विचारायला आलेय," बाई म्हणाल्या. "आमच्या गल्लीत हिरूबाई भाजी घेऊन येते. ती म्हणत होती, पोती भरभरून शेवगा कल्याणला जातो, तुपात घालायला. खरं आहे?"

"खरं आहे," मी म्हणालो. "पण तो दुसऱ्या कढयांत. उपासाच्या नाही."

"कधीतरी गेला असेल."

"नाही बाई."

"पावसात पानं मिळत नाहीत, मला माहीत आहे. अडचण कुणाला येत नाही? एखाद्या वेळी घातला असेल शेवगा. मी रागावणार नाही. कुणाला सांगणारही नाही. तुम्ही फक्त खरं सांगा."

आता बघा, मी काय केलं. मला वाटलं, बाईंच्या मनात किंतू आहे, उपास बाटल्याची बोच आहे. ती काढावी. आणि खोटं कशाला सांगू, मला रागही आला होता. माझ्या कढईवर संशय! मी डबा हातात घेतला, दोरा दाखवला आणि सगळं सांगत सुटलो. वेगळं फडकं, वेगळी पळी. पानं आली नाहीत तेव्हा कढई कशी उपडी घातली होती, अण्णा सांगत असूनही शेवगा कसा घातला नाही, मागे बसलेल्या अण्णांनाच साक्षीला धरलं. "तुमच्या पोटात एकाही सोमवारी शेवग्याचा अंशसुद्धा गेलेला नाही," मी म्हणालो. "देवाशपथ सांगतो. तुमचा उपास एकदाही मोडलेला नाही."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी आपला वाट बघतोय की बाईंचा चेहरा आता थोडा हलका होईल. तो झाला नाही.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"मग माझ्याकडून कुठे राहिलं हो?" त्या म्हणाल्या. "पाणीसुद्धा मी विचारून प्यायले. नखभर चूक होऊ दिली नाही. म्हटलं, माझ्या हातून नाही तर तुमच्या हातून तरी काहीतरी झालं असेल. तेही नाही. मग देवाने तिला कशासाठी नेलं?"

माझ्या हातात तो डबा, आणि तो कुठे ठेवावा ते कळेना. बाईंनीच तो माझ्याकडून घेतला. नखाने गाठ सोडवून लाल दोरा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"हा असू दे तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला लागेल." आणि ओटा उतरून गेल्या. डबा त्यांनी नेला, का नेला कोण जाणे.

मग मागून अण्णांचा आवाज आला.

"हो म्हणायचं होतंस, दत्तू."

मी वळलो. "काय?"

"शेवगा होता म्हणायचं. चुकून पडला म्हणायचं."

"अण्णा, खोटं? आणि आपल्या तुपाचं नाव?"

"नाव काय चाटायचंय?" अण्णा म्हणाले. ते चिडलेले नव्हते, थकलेले होते. "ती काय तुपाची चौकशी करायला आली होती? दोष ठेवायला जागा शोधत आली होती ती बिचारी. आपल्यावर ठेवला असता, चार शिव्या दिल्या असत्या, घरी जाऊन रडली असती आणि झोपली असती. आता तो दोष घेऊन ती कुठे कुठे हिंडेल?"

मी म्हटलं, "मला कळलं नाही हो."

"कसं कळलं नाही? ज्याला त्याला धरून सांगत असतोस ना, पान मार खातं म्हणून तूप वाचतं?" अण्णा म्हणाले. "मग एकदा आपण खाल्ला असता."

पुढे परदेशी पावडरी निघाल्या, त्यांच्या चिमटीने तूप वाटेल तितकं टिकू लागलं आणि शेवग्याची पोती बंद झाली. अण्णा गेले. उपासाची कढई मात्र मी नोकरी सुटेपर्यंत चालवली, तिच्यात कधी शेवगा पडू दिला नाही, आणि प्रत्येक डब्याला दोरा बांधला. यशोदाबाई परत आल्या नाहीत. एकदा मी ठाण्याला हिरूबाईबरोबर त्यांच्या गल्लीत गेलो होतो. पायरीवर उभं राहून सांगायचं ठरवून गेलो होतो, की बाई, तेव्हा मी खोटं बोललो, शेवगा होता. दाराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, खोली सोडून गेल्या, कुठे ते सांगितलं नाही.

हिरूबाईने विचारलं, "काय काम होतं रं दादा तिच्याकडं?"

मी म्हटलं, "काही नाही. तुपाबद्दल सांगायचं होतं."